किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या हाती?

जुलैचा शेवटचा आठवडा होता. बोरीवली पश्चिमेला लोकमान्य टिळक रोडवरच्या एका जुन्या इमारतीत करसल्लागारांचं ऑफिस आहे, तिथे मी रिटर्न भरायला गेलो होतो. बाकावर माझ्या आधी पाच-सहाजण बसलेले. नंबर आल्यावर टेबलावरच्या मुलीने एक्सेलची फाइल उघडली, माझं नाव शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, "काका, पासवर्ड अजून हाच आहे ना?"

हाच होता. पण माझ्या ओळीच्या वर आमच्याच सोसायटीतल्या एका बाईंचा पॅन, जन्मतारीख आणि पासवर्ड होता, खाली ओळखीच्या एका दुकानदाराचा. मी नजर काढून घेतली, तरी तेवढ्यात दिसायचं ते दिसलं होतं. तिघांचेही पासवर्ड एकाच साच्यातले: नावाची पहिली चार अक्षरं, ॲटचं चिन्ह आणि जन्मसाल. माझं प्रकरण तर त्याहून वाईट, कारण तोच पासवर्ड माझ्या ईमेललाही होता.

हा साचा आपल्या हाताला लागला कसा? ई-आधारची पीडीएफ उघडताना नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल घालावं लागतं. आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडायचं तर पॅन आणि जन्मतारीख. त्या फाइलींपुरती ती सोय ठीक आहे. पण त्यातून बोटांना एक वळण पडलं. पासवर्ड म्हणजे आपली ओळख सांगणारी अक्षरं, असं आपण धरून चाललो. वास्तविक पासवर्डमध्ये आपल्याबद्दलचं काहीही असता कामा नये.

आणि एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं तर त्याहून घातक. २०२० साली बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. बोरीवली-कांदिवलीतल्या किती घरांत तेव्हा लॉकडाऊनमध्ये तिथून पीठ-तांदूळ येत होते, ते आठवून पाहा. त्या चोरीत पासवर्ड उघडे नव्हते, हॅश केलेले, म्हणजे गणिती प्रक्रियेने ओळखू येणार नाहीत असे करून ठेवलेले होते. परंतु नाव-जन्मसालासारखे सोपे पासवर्ड त्यातूनही संगणकाकडून शोधून काढता येतात. आणि एक सापडला की चोर तो ईमेलला लावून बघतो, मग बाकीच्या खात्यांना. किराण्याच्या खात्यात चोरण्यासारखं काय आहे, असं आपण म्हणतो. चोराला किराणा नकोच असतो, त्याला आपली सवय हवी असते.

पासवर्ड मॅनेजर ही सवय मोडतो. प्रत्येक खात्यासाठी तो वीस-पंचवीस अक्षरांचा अर्थहीन पासवर्ड स्वतः तयार करतो, एका कुलूपबंद तिजोरीत ठेवतो आणि वेळेला स्वतःच भरतो. आपण लक्षात ठेवायचा तो एकच, मुख्य पासवर्ड. याचा आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल' असा मेसेज येतो, दुव्यावर बोट पडतं, समोर हुबेहूब बिल भरण्याचं पान येतं. आपले डोळे फसतात. मॅनेजर पानाच्या रंगरूपाकडे बघतच नाही, तो फक्त पत्ता जुळतो का ते पाहतो. एका अक्षराचा फरक असला तरी तो पासवर्ड भरत नाही. नेहमी आपोआप भरणारी चौकट एखाद्या दिवशी रिकामी राहिली, तर तिथेच थांबा. आपण स्वतः होऊन कुणाला ओटीपी सांगितला किंवा कुणी पाठवलेलं ॲप फोनमध्ये घेतलं, तर मात्र मॅनेजर काही करू शकत नाही.

आता कुठला घ्यायचा? दुकानात गेल्यासारखी वैशिष्ट्यांची यादी बघत बसू नका. माझ्या मते पहिला प्रश्न एकच: तिजोरीची किल्ली कुणाकडे राहते? चांगल्या मॅनेजरमध्ये माहिती आपल्या फोनवर किंवा संगणकावरच कुलूपबंद होते आणि मग कंपनीकडे जाते. मुख्य पासवर्ड कंपनीला कधीच कळत नाही. म्हणून तो विसरलात तर 'पासवर्ड विसरलात?' हे बटण तिथे कामी येत नाही. हे गैरसोयीचं वाटतं, पण तेच खरं संरक्षण आहे.

का, ते लास्टपासच्या प्रकरणात दिसलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या नावाजलेल्या मॅनेजरच्या यंत्रणेत शिरकाव झाला. पुढे डिसेंबरमध्ये कंपनीने कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या आहेत. तिजोऱ्या कुलूपबंद होत्या, पण कुठल्या वेबसाइटवर खातं आहे ते पत्ते आत उघडेच ठेवलेले होते. दुसरं असं की मुख्य पासवर्डपासून किल्ली बनवताना एक गणित हजारो वेळा फिरवतात. चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढेच फेरे मारावे लागतात, म्हणून तो थकतो. लास्टपासच्या काही जुन्या खात्यांत हे फेरे अवघे पाच हजार होते, नव्या खात्यांत लाखभर. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि वेगळा होता, त्यांची तिजोरी चोराच्या हातात असूनही बंद राहिली. छोटा होता त्यांची झोप उडाली. चोरीची वाटही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर गाणी-सिनेमे बघण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या भोकातून चोर आत आला, त्याने टाइप होणारी अक्षरं टिपली आणि ऑफिसची तिजोरी उघडली.

घर आणि ऑफिस यांची सरमिसळ कशी भोवते, त्याचं दुसरं उदाहरण ऑक्टाचं. हजारो कंपन्यांच्या लॉगिनची व्यवस्था सांभाळणारी ही अमेरिकी कंपनी. २०२३ मध्ये तिच्या एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये स्वतःचं घरगुती गूगल खातं उघडलं होतं. ऑफिसच्या एका खात्याचा पासवर्ड ब्राउझरने त्या घरगुती खात्यात साठवला, आणि चोरांना वाट मिळाली ती बहुधा तिथूनच, असा कंपनीच्या चौकशीचा निष्कर्ष होता. त्यातून १३४ ग्राहक-कंपन्यांच्या फाइलींना चोरांचा हात लागला. क्रोम 'पासवर्ड सेव्ह करू का?' विचारतो आणि आपण न वाचता 'हो' म्हणतो, ते किती साधं आहे! अंधेरीच्या ऑफिसात बसून आपणही हेच करतो.

म्हणून माझं ठाम मत: घरची तिजोरी वेगळी, ऑफिसची वेगळी. ऑफिसने दिलेल्या मॅनेजरमध्ये आपला नेटबँकिंगचा पासवर्ड ठेवू नका, कारण नोकरी सुटली की ते खातं त्याच दिवशी बंद होऊ शकतं. आणि ऑफिसचे पासवर्ड घरच्या तिजोरीत आणू नका.

घरासाठी पर्याय मोजकेच आहेत. आयफोनवाल्यांना ॲपलचं पासवर्ड्स ॲप २०२४ पासून वेगळं मिळालं आहे आणि ते चांगलं आहे. अँड्रॉइडवर गूगलचा मॅनेजर आधीपासून असतो, काहीच न वापरण्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण त्यात मूळ व्यवस्थेत किल्ली गूगलकडे राहते, ती आपल्याच यंत्रावर ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागते. शिवाय ॲपल काय, गूगल काय, फोनच्या पिनवर तिजोरी उघडते. चर्चगेटहून येणाऱ्या लोकलमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावरून आपला पिन दिसतो आणि बोरीवलीला उतरताना खिशातला फोन जातो, हे एकत्र घडलं तर काय? याच धास्तीपायी ॲपलने २०२४ च्या जानेवारीत चोरीच्या फोनसाठी वेगळं संरक्षण आणलं. ते चालू आहे का, बघून घ्या.

घरात कुणाचा आयफोन, कुणाचा अँड्रॉइड, टेबलावर विंडोजचा संगणक, अशी सरमिसळ असेल तर मी बिटवॉर्डन सुचवेन. तो फुकटातही कितीही यंत्रांवर चालतो आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. मी तोच वापरतो. वनपासवर्डला पैसे पडतात, पण त्यात मुख्य पासवर्डाबरोबर ३४ अक्षरांची एक गुप्त किल्ली यंत्रावर असते. कंपनीकडून तिजोरी चोरीला गेली तरी नुसता अंदाज बांधून ती उघडता येत नाही. ज्यांना आपली माहिती कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर नको, त्यांच्यासाठी कीपास आहे: एक फाइल, आपल्याच संगणकावर. मात्र तिची प्रत काढून ठेवणं ही जबाबदारी पूर्ण आपली. ज्याला बॅकअप घ्यायची सवय नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

छोट्या ऑफिसचं गणित वेगळं. तिथे पासवर्ड एकाचा नसतो, चौघांचा असतो. करसल्लागार, दवाखाना, सोसायटीची कमिटी, सगळीकडे हीच अडचण. सेक्रेटरी बदलले की सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो आणि नव्या कमिटीचे दोन महिने फोन करण्यात जातात. यासाठी सामायिक तिजोरीची सोय असलेला मॅनेजर घ्यावा. बिटवॉर्डन आणि वनपासवर्डमध्ये ती आहे, आपल्या चेन्नईच्या झोहोच्या व्हॉल्टमध्येही आहे. विकत घेण्याआधी दोनच गोष्टी तपासा. कुणी कधी कुठला पासवर्ड उघडला याची नोंद राहते का? आणि माणूस सोडून गेला तर एका क्लिकवर त्याचा प्रवेश काढता येतो का? ज्या पासवर्डांना त्याचा हात लागला होता, ते मात्र तरीही बदलावेच लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमानुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अडीचशे अशिलांचे पासवर्ड उघड्या फाइलीत ठेवणाऱ्याने एवढं तरी मनात धरावं की उद्या काही घडलं, तर वापरणारा कोण हे त्या फाइलीवरून सिद्धच करता येणार नाही.

मुख्य पासवर्ड कसा करायचा, ते घरी आईला शिकवताना मला नीट कळलं. डाइसवेअर नावाची एक जुनी रीत आहे, १९९५ पासूनची. ७,७७६ शब्दांची यादी, सापशिडीचा फासा पाच वेळा टाकायचा, जो पाच आकडी क्रमांक येईल त्यासमोरचा शब्द घ्यायचा. चार शब्दांचेच सुमारे ३६ कोटी कोटी वेगवेगळे संच होतात. मुख्य पासवर्डला सहा शब्द घ्यावेत. यादी इंग्रजी आहे, म्हणून आम्ही आलेल्या शब्दाचा मराठी प्रतिशब्द घेतला आणि तो रोमन अक्षरांत लिहिला. देवनागरीत टाइप करू नका, दुसऱ्याच्या संगणकावर कीबोर्ड बदलला की अडकाल. घागर, सुतार, धुकं अशा शब्दांची ओळ आईला आठवड्यात पाठ झाली. फक्त स्पेलिंग एकदा ठरवून घ्यावं लागलं, घागरमध्ये एक 'ए' की दोन यावर आम्ही बराच वेळ घालवला. शब्द मनाने निवडू नका. मन पुन्हा नातवाच्या नावावर जातं.

ही ओळ आणि ईमेलचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून लिफाफ्यात घालून आम्ही कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवले, दागिन्यांच्या डबीशेजारी. कागदाला संगणकावरचा चोर शिवू शकत नाही. आणि माणूस अचानक गेला, तर विमा, फंड, बँक यांच्या दारात मुलांना महिनोन्‌महिने ताटकळावं लागण्याची शक्यता कमी होते. गूगलमध्ये खातं निष्क्रिय झाल्यास ते कुणाला कळवायचं, हे आधी ठरवून ठेवता येतं. ॲपलमध्ये वारसदार नेमता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण आपण ते टाळत राहतो.

एटीएम आणि यूपीआयचे पिन मात्र डोक्यातच राहू द्या.

सगळी खाती एका दिवसात हलवायला जाऊ नका, कंटाळून सोडून द्याल.  आज फक्त ईमेलचा पासवर्ड बदला आणि त्याला दुहेरी पडताळणी लावा. पुढच्या आठवड्यात बँक, मग आयकर, मग बाकीची. आपला पासवर्ड कुणाच्या एक्सेल फाइलीत असेल, तर तो इतर कुठेही वापरलेला नाही, एवढी खात्री आजच करा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा.