उपऱ्यांना लिहिलेले पत्र

‘नव्या करारा’तील पेत्राचे पहिले पत्र छळ सोसणाऱ्या माणसांना धीर देण्यासाठी लिहिले गेले. दलित वाचकाने ते वाचावे, पण डोळे उघडे ठेवून वाचावे. कारण या एकाच पत्रात माणसाला उभे करणारा विचार आहे आणि त्याला वाकवणारा उपदेशही आहे.

पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या रोमन प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांना हे पत्र धाडले गेले. परंपरा ते येशूचा शिष्य पेत्र याचे मानते; पहिल्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या कुणी त्याच्या नावाने ते लिहिले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

या वाचकांसाठी पत्रात ‘पारोइकोस’ हा ग्रीक शब्द येतो. नगरात राहणारा, राबणारा, पण नागरिकत्वाचे हक्क नसलेला माणूस, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या जुन्या महसुली भाषेत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क. उपऱ्याला तो हक्क नाही. पत्राचे वाचक असे उपरी होते. हा शब्द केवळ आध्यात्मिक अर्थाने घेऊ नये, तो सामाजिक दर्जा सांगतो, असे जॉन एलियट या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली मांडले. सर्वांना ते मान्य नाही. पण ज्यांच्या पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्यांचा छळ कसा होता? पत्रात दिसतो तो मुख्यतः शेजाऱ्यांनी केलेला छळ: निंदा, कुचाळकी, खोटे आरोप. जुन्या देवाधर्माच्या उत्सवांत ही माणसे येईनाशी झाली, हाच गुन्हा. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामे नाकारणाऱ्या आपल्या माणसांनी हाच राग पाहिला आहे.

नावासाठी सोसावे लागले तर लाजू नका, असे पत्र बजावते. पुढे इ. स. ११२ च्या सुमारास याच बिथुनिया-पंतचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला विचारतो, की शिक्षा नुसत्या नावाला द्यायची की गुन्ह्याला? माहिती काढण्यासाठी त्याने मंडळीच्या दोन सेविकांचा छळ केला. त्या गुलाम होत्या. मराठवाड्याला हे परके नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

जे कोणीच नव्हते ते आता एक लोक झाले, दगडांसारखे रचले जाऊन घर झाले, ही या पत्राची मोठी देणगी. निजामी राज्यात जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी महार-मांग ख्रिस्त्यांसाठी गाव वसवले, त्याचे नाव ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर. उपऱ्याला घर हवे असते, ही गोष्ट त्या नावातच आहे.

पण याच पत्रात गुलामांना सांगितले आहे, की धनी कठोर असला तरी त्याच्या अधीन राहा. धन्याला मात्र एका शब्दाने बजावलेले नाही. लिहिणारा स्वतः सत्ताहीन होता, गुलामांना तो विचार करणारी माणसे समजून बोलतो, हे खरे. परंतु पुढे हीच वचने सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली. अमेरिकेतील मळेवाल्यांनी असाच उपदेश आपल्या काळ्या गुलामांना ऐकवला. सोसणाऱ्याने सोसणाऱ्याला दिलेला धीर वेगळा आणि मारणाऱ्याने मार खाणाऱ्याला शिकवलेली सहनशीलता वेगळी.

दलित ख्रिस्ती बांधवांसाठी हा प्रश्न जुना झालेला नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. जात गेली नाही, दर्जा मात्र गेला. कायद्याच्या दारातही ते उपरीच. त्यांना ‘सोसा’ म्हणून कसे भागेल?

पत्रातच दुसरी एक शिकवण आहे: तुमच्या आशेचे कारण जो विचारील त्याला उत्तर देण्यास सदैव तयार असा. येथे योजलेला ग्रीक शब्द न्यायालयातल्या बचावाच्या भाषणासाठीही वापरला जाई. गप्प राहणारा माणूस असे उत्तर देऊ शकत नाही. कार्यकर्त्याने या पत्रातून हे उत्तर घ्यावे, नाव घ्यावे. अधीनता त्या काळाच्या धन्यांपाशीच ठेवावी.