शाळेच्या सभेत आपली जागा रिकामी का?

जालन्याच्या मस्तगडावर १४ एप्रिलला पाय ठेवायला जागा नसते. १७२५ साली निजामाच्या अमलात इथे गढी उभी राहिली. ज्या गढीतून हुकूम सुटायचे आणि आमच्या वाडवडिलांनी खालमानेने ते ऐकायचे, त्याच मस्तगडावर आज आमच्या आयाबहिणी पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करतात. ही क्रांतीच आहे. जयंतीच्या मंडळात कोण असावे, अध्यक्ष कोण, यावर वस्तीवस्तीत रात्र रात्र चर्चा झडते. वर्गणीचा हिशेब पै-पैचा मागितला जातो, आणि तो मागितलाच पाहिजे.

आता आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. आपले लेकरू ज्या शाळेत शिकते, त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण आहे? मागची सभा कधी झाली? शाळेला किती अनुदान आले आणि ते कशावर खर्च झाले? मस्तगडावर जमलेल्या हजारोंपैकी याचे उत्तर किती जण देतील? कटू वाटेल, पण हे बोलावेच लागेल.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पंचवीस टक्के जागांच्या प्रवेशामुळे तो लोकांना माहीत झाला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून त्या जागांना कात्री लावली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, हेही लोकांनी वाचले. पण याच कायद्यातील कलम २१ आणि २२ कुणी वाचत नाही. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, त्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत, असे कलम २१ सांगते. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे या समितीचे काम आहे. शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा आणि त्याच आराखड्याच्या आधारे अनुदान मागायचे, हे कलम २२ सांगते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. मुख्याध्यापक हा सचिव असतो.

म्हणजे कायद्याने खुर्ची आपली आहे. मग ती रिकामी का?

याचे महत्त्व कळण्यासाठी आपल्याच इतिहासात डोकवावे लागेल. सुभेदार रामजी आंबेडकरांसारखा पालक शोधून सापडणार नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत भिवाला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून ते त्याला लवकर झोपवत आणि मध्यरात्रीनंतर उठवून अभ्यासाला बसवत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीचा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून देत. एका बापाने घरात जे जे करायचे ते सारे रामजींनी केले. पण शाळेत काय होते? लेकरू गोणपाटावर वेगळे बसत होते. शिपाई नसला तर तहानलेले राहत होते. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्याला फारसी घ्यावी लागली. घरात डोंगराएवढा असलेला तो बाप शाळेच्या दारात काहीच करू शकत नव्हता, कारण शाळेच्या कारभारात त्याला आवाजच नव्हता. रामजींना जो अधिकार मिळाला नाही, तो आज मस्तगडच्या मजुराला कायद्याने मिळाला आहे. तो न वापरणे म्हणजे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दोष सगळा पालकांचा आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सभा भरते दुपारी बारा वाजता. त्या वेळी बाप स्टीलच्या कारखान्यात पाळीवर असतो आणि आई दुसऱ्यांच्या घरी धुणेभांडी करत असते. एका सभेसाठी रोज बुडवणे तिला परवडत नाही. मग रजिस्टर घरी येते. ‘ताई, इथे सही करा.’ ताई सही करतात. कशावर केली, हे त्यांना कुणी सांगत नाही. कागदावर निम्म्या महिला हजर, ठराव एकमताने मंजूर! आमच्या ओळखीच्या एका माऊलीने अशी सही करण्याआधी ‘वाचून दाखवा’ एवढेच म्हटले, तर तिला उत्तर मिळाले, ‘तुम्हाला काय कळणार त्यातले?’ हा प्रश्न जुनाच आहे. गढीवरूनही तो असाच विचारला जायचा.

दुसरी फसगत ‘लोकसहभाग’ या शब्दाची. पालकांकडून वर्गणी काढून रंगरंगोटी करायची, संगणक आणायचा आणि याला लोकसहभाग म्हणायचे. ज्याच्याकडे पैसा त्याचा सहभाग मोठा, मग ज्याची चूल संध्याकाळच्या मजुरीवर पेटते त्याचे काय? शाळा चालवणे ही सरकारची जबाबदारी आहे. आपला सहभाग देणगीचा नसून अधिकाराचा आहे.

हा अधिकार वापरला तर काय होते, ते आपल्याच जिल्ह्यात पाहा. अंबड, घनसावंगीकडची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि लेकरेही कोयत्याबरोबर जातात. मुलांना गावात ठेवून जेवणाखाण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण टोळी निघण्याआधी कोणाचे लेकरू जाणार याची यादी झाली पाहिजे. ती मुकादमाची गाडी दारात येण्यापूर्वी समितीने केली, तर लेकरू शाळेत राहील. समिती कागदावरच असेल, तर ते फडावर जाईल आणि पुढे नावापुरते पटावर उरेल.

म्हणून आमचे सांगणे थोडकेच आहे. समितीची निवड पालकसभेत होऊ द्या, बंद खोलीत नको. सभा संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्या, असा लेखी अर्ज द्या. न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर आपल्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या. पोषण आहार शिजतो तिथे जाऊन पाहा आणि लेकरे एका पंगतीत बसतात का, तेही पाहा. अनुदानाचा हिशेब मागा. शिकलेल्या, नोकरीतल्या बांधवांनी विहारात एक रविवार देऊन कलम २१ आणि २२ समजावून सांगावे. शिक्षकांना शत्रू समजू नका. त्यांच्यातही आपल्या लेकरांसाठी झटणारे अनेक आहेत. त्यांना आपल्या पाठबळाची गरज आहे.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश फक्त लेकरांसाठी नाही, त्यांच्या आईबापांसाठीही आहे. जयंतीच्या मंडळात जागा मिळवण्यासाठी जेवढा उत्साह आपण दाखवतो, त्याच्या निम्मा शाळेच्या समितीसाठी दाखवला, तर पुढच्या १४ एप्रिलला मस्तगडावर आपण ताठ मानेने हिशेब देऊ शकू. शाळेची पुढची सभा कधी आहे, हे आजच विचारा. जय भीम!