दाब, धर, सोड

"तुमची मुलगी काय करते हो?" या प्रश्नाला मी बरेच दिवस "इंजिनीअर आहे" एवढंच सांगून विषय संपवत असे. सुट्टीच्या दिवशी ती गाड्यांच्या शर्यतीत उतरते म्हटलं, की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर 'तुम्ही हो कशा म्हणालात?' हे स्पष्ट दिसायचं. मी हो म्हटलंच नव्हतं! पण तिच्या मामाचं गॅरेज आहे आणि मामा-भाचीपुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. त्यातून २०२४ मध्ये आमच्या पुण्याच्याच डायना पंडोल यांनी सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दोन मुलांची आई! ते कात्रण फ्रिजवर चिकटलं आणि माझा उरलासुरला विरोध बारगळला.

गेल्या वर्षी तर मीच त्यांच्याबरोबर कोइमतूरला गेले. "ताई, डबे सांभाळायला तरी चल," भाऊ म्हणाला. टीम म्हणजे भाऊ, गॅरेजमधली दोन पोरं, लेकीचा एक वर्गमित्र आणि मी. पगार कुणालाच नाही, खर्च वर्गणीतून. गाडी जुनी एस्टीम. आतल्या सीटा, एसी सगळं काढून टाकलेलं आणि गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा.

तिथला करी मोटर स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला. नाव एस. करिवर्धन यांचं. मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यांनी परवडणाऱ्या रेसगाड्या बनवल्या. १९९५ मध्ये हलक्या विमानाच्या अपघातात ते गेले. हौशी मंडळींच्या शर्यतीला याहून योग्य नाव कुठलं?

शुक्रवार तपासणीत गेला. शनिवारी सराव. चार फेऱ्या झाल्या आणि लेक आत आली. "मामा, ब्रेकचं पेडल खाली जातंय."

भावाने पाय ठेवून पाहिलं. "ऑइल कुठलं भरलं होतं?" पोराने डबा उचलून दाखवला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

सामान भरताना फळीवर दोन डबे होते. एक सीलबंद, एक अर्धा वापरलेला, कधीचा कोण जाणे. उघडलेलं आधी संपवावं, मग नवं फोडावं, हा माझा स्वयंपाकघरातला तीस वर्षांचा नियम. मी अर्धा डबा खोक्यात टाकला, नवा परत फळीवर ठेवला. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय नुसताच खाली जातो.

पोरगं मान खाली घालून उभं होतं. मी न बोलते, तर ते त्याच्यावरच गेलं असतं.

"डबा मी भरला," मी म्हटलं. "नवा घरी ठेवून आले."

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, "ओतण्याआधी मी बघायला हवं होतं." लेक काहीच बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

शेजारच्या पिटमधले तमिळ गृहस्थ आमच्याच शर्यतीत होते. ते न मागता दोन सीलबंद डबे घेऊन आले. पैसे काही केल्या घेईनात. शेवटी चिवड्याची पिशवी हातात कोंबली.

जुनं ऑइल काढून नवं भरायचं, नळ्यांतली हवा काढायची, हे दोघांचं काम. एक चाकापाशी, एक पेडलवर. लेक पाना घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "आई, आत बस."

"दाब!" मी दाबलं. "धर!" ती निपल सैल करायची, बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत यायचं, पेडल माझ्या पायाखाली बुडायचं. ती पुन्हा घट्ट करेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. "सोड!" चारही चाकं झाली तेव्हा अंधार पडला होता. मध्येच पोटरीत गोळा आला, पण पाय उचलला नाही.

रविवारी भावाच्या हातात स्टॉपवॉच होतं, पोरं बोर्ड धरून उभी. मला वेळेतलं काही कळत नव्हतं. मी फक्त वळणाआधी तिचे मागचे लाल दिवे लागतायत का, ते बघत होते. चौदा गाड्यांत ती नववी आली. शेजारी पाचवे!

हेल्मेट काढून ती माझ्याकडेच आली. "आई, पेडल शेवटपर्यंत कडक होतं." आणि मग, "चिवडा उरलाय का गं?"

चिवडा शेजाऱ्यांनी केव्हाच संपवला होता.