गुण गोडीचा की लाळेचा?

बिनसाखरेच्या च्युइंगमच्या पाकिटावर ‘झायलिटॉल’ हा शब्द दात वाचवणारे औषध असावे तसा मिरवला जातो. दुसरीकडे, कृत्रिम गोडी म्हणजे सावकाश भिनणारे विष, असे संदेश घरोघरी फिरतात. दोन्ही पक्षांचे भांडण गोडीवरच चालले आहे. हाती असलेले पुरावे मात्र मला वेगळीकडे नेतात: गमचा जो काही गुण आहे तो मुख्यतः चघळण्याने सुटणाऱ्या लाळेचा. गोडीने त्या लाळेच्या कामात मोडता घालू नये, एवढे पुरे.

जेवण झाले की तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्ट आंबवून आम्ल तयार करतात. आम्लता वाढून पीएच 5.5च्या खाली गेला की दाताच्या कठीण आवरणातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. कीड लागण्याची सुरुवात ती हीच. चघळायला लागले की लाळ कित्येक पटींनी वाढते आणि तिच्यात बायकार्बोनेटचे प्रमाणही जास्त असते. ती आम्ल मारते, कण धुऊन नेते आणि गेलेली खनिजे काही अंशी परत बसवते. म्हणूनच युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गमविषयीचा दावा मान्य करताना खाल्ल्यानंतर निदान 20 मिनिटे चघळण्याची अट धरली आहे. साखरेच्या गममध्ये हा हिशेब जमत नाही, कारण लाळ धुऊन नेते तोवर साखर जिवाणूंना नवे खाद्य पुरवत असते.

झायलिटॉलची कीर्ती झाली ती फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात. 1972 ते 1974 या काळात तिथे सव्वाशे माणसांच्या आहारातली साखर बदलून पाहिली गेली आणि झायलिटॉल खाणाऱ्यांच्या दातांत नवी कीड फारच कमी आढळली. पण माणसांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, शिवाय एका गटाची साखर जवळजवळ बंदच होती. साखर गेली म्हणून कीड घटली की झायलिटॉल आले म्हणून, हे त्यावरून ठरत नाही. त्या कोड्याला मला सर्वांत नेमका वाटणारा प्रयोग लिथुआनियातल्या काउनास शहरात झाला. सुमारे 600 शाळकरी मुलांना तीन वर्षे वेगवेगळे गम दिले गेले: काहींना झायलिटॉलचा, काहींना सॉर्बिटॉल या दुसऱ्या बिनसाखरेच्या गोडीचा, काहींना या दोन्हींपैकी काहीच नसलेला. एका गटाला गम दिलाच नाही. गमच्या प्रकाराप्रकारांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, आणि लाभ चघळण्याचा आहे, गोडीचा नव्हे, असा निष्कर्ष संशोधकांनी 2001 साली मांडला. अमेरिकेत 691 प्रौढांना 33 महिने झायलिटॉलच्या गोळ्या चोखायला दिल्या, तेव्हाही ठोस फायदा दिसला नाही. झायलिटॉल तेच, पण चोखायचे होते, चावायचे नव्हते.

यावर बेलीझचा दाखला पुढे केला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. त्या देशात हजारावर मुलांवर झालेल्या अभ्यासात झायलिटॉलचा गम सॉर्बिटॉलपेक्षा सरस ठरला होता. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्सला झायलिटॉल आंबवता येत नाही, हेही खरे. तेव्हा त्याची थोडी जास्तीची मदत होत असेल, हे मी मान्य करतो. पण ती मदत प्रयोगागणिक दिसते आणि नाहीशी होते. लाळेचे काम मात्र सगळीकडे दिसते.

भीतीचे काय? 2024 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी झायलिटॉलचा संबंध रक्ताच्या गुठळ्यांशी जोडला. त्यांनी निरोगी माणसांना पाजलेल्या पेयात ते एका वेळी 30 ग्रॅम होते. गमच्या एका वडीत जेमतेम ग्रॅमभर असते. ॲस्पार्टेम या दुसऱ्या कृत्रिम गोडीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2023 मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले, पण त्याच वेळी अन्नतज्ज्ञांच्या समितीने शरीराच्या दर किलोमागे रोज 40 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती 2,400 मिलिग्रॅम पडते, आणि गमच्या वडीत ॲस्पार्टेम काही मिलिग्रॅमच असते. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र ते पूर्ण वर्ज्य करावे. मला खरी काळजी वाटते ती अतिरेकाची. 2008 साली बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली: सततचे जुलाब, आणि कारण न कळता घटलेले वजन, एकाचे 11 किलो तर दुसऱ्याचे 22. दोघेही रोज पंधरा-वीस गम चघळत होते. त्या गममधले, आतड्यात नीट न शोषले जाणारे सॉर्बिटॉल पाणी ओढून घेत होते. ते बंद केल्यावर दोघेही बरे झाले.

गमचा चिवट गाभा हा प्रश्न वेगळा आहे. पूर्वी तो मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात चिकूच्या झाडाला खाचा पाडून काढलेल्या चिकातून होई. आपल्या घोलवड-डहाणूच्या बागांत उभे आहे तेच हे झाड. आता बहुतेक गाभा कृत्रिम पॉलिमरचा असतो. चघळताना त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, असे सुरुवातीच्या चाचण्यांत दिसले आहे. त्या कणांनी शरीराचे काय होते हे शोधणे अजून बाकी आहे, म्हणून दिवसभर चघळत राहण्याला माझा पाठिंबा नाही. ज्यांचा जबड्याचा सांधा दुखतो त्यांनी तर हा नाद करूच नये.

गमची सर्वांत जास्त गरज असते ती तोंड कोरडे पडणाऱ्यांना. नैराश्याची, ॲलर्जीची काही औषधे घेणाऱ्यांची लाळ आटते. तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांचे तर घासभर भाकरी गिळताना हाल होतात, आणि तंबाखूने पोखरलेल्या महाराष्ट्रात असे रुग्ण थोडे नाहीत. लाळग्रंथींत थोडा जीव उरला असेल आणि जबडा उघडत असेल, तर जेवणानंतर चघळलेला बिनसाखरेचा गम त्यांचे तोंड काही वेळ ओले ठेवतो. पाकिटावर गोडीचे नाव कोणते छापले आहे, याने त्यात फारसा फरक पडत नाही.