मनाचे दुखणे सांगावे कुणाला?

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. परीक्षा जवळ आली की झोप उडते, घास उतरत नाही. घरी सांगावे, तर आई देवऋषी गाठणार आणि वडील हातातले काम टाकून धावत येणार. म्हणून मी थोडी चौकशी केली. ती येथे मांडतो.

मित्रहो, १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक. केंद्र सरकारची ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती २४ तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. प्रथम समुपदेशक आपले ऐकून घेतात. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून देतात. समक्ष भेटायचे असल्यास जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे उपचार मिळणे हा आपला हक्क ठरविला आहे. शिवाय रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही उपचार करणाऱ्यांवर घातले आहे.

ताप आला म्हणून दवाखान्यात गेलेल्याला कुणी हसत नाही. मग मनाच्या दुखण्याचीच लाज का बाळगावी? वर्गातला एखादा मित्र एकाएकी गप्प झाला असेल, तर त्याच्या वहीत हा क्रमांक अवश्य लिहून द्या. गुरुजनांनाही हीच विनंती.