एकदा विकलेला माल परत घ्यावा की नाही?

वाशी, कोपरखैरणे, नेरुळ येथील बहुतेक लहान दुकानांत पावतीच्या तळाशी एक ओळ छापलेली असते : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आमचे अनेक व्यापारी बांधव ही ओळ म्हणजे दुकानाचे कुलूपच समजतात. ही ओळ नसेल तर अर्धा माल परत येईल, अशी त्यांना धास्ती असते. ही धास्ती कितपत खरी आहे, ते आज पाहू.

आधी कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस. म्हणजे शिलाई उसवलेला सदरा किंवा तळवा सुटलेली चप्पल यांच्या बाबतीत ती छापील ओळ दुकानदाराला वाचवू शकत नाही.

पण माल चांगला आहे, फक्त रंग घरी पसंत पडला नाही किंवा माप चुकले, तर? तेथे परत घेणे दुकानदाराच्या मर्जीवर आहे. आपल्या शरीअतनेही हाच फरक केला आहे. मालातील ऐब लपवला गेला असेल तर परत करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मात्र निव्वळ पस्तावलेल्या ग्राहकाचा सौदा मूळ किमतीत मोकळा करून देणे हा विक्रेत्याचा एहसान आहे. त्याला इकाला म्हणतात. असे करणाऱ्याच्या चुका अल्लाह कयामतीच्या दिवशी माफ करील, अशा आशयाची हदीस अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे.

हा एहसान धंद्याला परवडतो का? अमेरिकेतील जनकीरामन, सिर्डल व फ्रेलिंग या संशोधकांनी 2016 साली या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. नियम सैल केल्याने परतीपेक्षा खरेदी अधिक वाढते, असे त्यांना आढळले. पूर्ण पैसे मिळणार आणि कटकट होणार नाही, हे कळले की ग्राहक निर्धास्तपणे घेतो. सवलतीच्या किंवा कोणत्याही मालाला परतीची मुभा दिली तर मात्र परती वाढतात. आणि मुदत लांबवली तर परती उलट कमी होतात! कारण उघड आहे. दोन दिवसांची मुदत असेल तर ग्राहक घाईने पिशवी घेऊन येतो. महिनाभर मुदत असेल तर तो निवांत राहतो आणि वस्तू घरात रुळून जाते.

आता हिशेब मांडू. समजा, सैल नियमामुळे महिन्याला 20 नग जास्त खपले आणि त्यांतले 5 परत आले. नगामागे 100 रुपये नफा धरला तर 15 नगांचे 1500 रुपये होतात. परत आलेल्यांपैकी 400 रुपये खरेदीचे दोन नग वाया गेले, असे धरा. 800 रुपये गेले तरी 700 उरले. आपापल्या दुकानाचे आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब करून पाहावा.

मोठ्या मॉलमध्ये बदलून घेण्याची सोय असते, म्हणून ग्राहक तिकडे वळतो. क्रॉफर्ड मार्केटला माल स्वस्त मिळतो; पण एक माप चुकले की बदलण्यासाठी पुन्हा लोकल पकडा आणि दोन तास घालवा. गल्लीतल्या दुकानाची खरी ताकद येथेच आहे. ग्राहक चालत येऊन वस्तू बदलू शकतो, हे त्याला आधीच सांगितले पाहिजे.

म्हणून आम्ही सुचवतो : पावतीवर 15 ते 30 दिवसांची मुदत लिहा. न वापरलेला, लेबलासह असलेला माल आणि पावती, एवढीच अट ठेवा. सवलतीचा माल व आतले कपडे बदलून मिळणार नाहीत, हे विक्रीपूर्वीच सांगा. दोष असेल तर मात्र तेही परत घ्यावे लागतील. ईदची खरेदी शेवटच्या रात्रींत होते, तेव्हा मुदत ईदनंतरपर्यंत जाऊ द्या. मापाने शिवणाऱ्या कारागिरांना कपडा दुसऱ्याला विकता येत नाही. त्यांनी ‘फिटिंग एकदा मोफत दुरुस्त करून मिळेल’ असे लिहावे. घाऊक व्यापाऱ्याकडूनही सदोष माल बदलून देण्याची बोली आधीच करून घ्यावी, नाहीतर सगळा भार किरकोळ दुकानदारावर पडतो.

वापरून परत आणणारे ग्राहकही भेटतात, हे खरे. पण त्या चार जणांच्या भीतीने शंभर प्रामाणिकांना दारातून परत पाठवणे हा तोट्याचा सौदा होय. पावतीवरची ती जुनी ओळ पुढच्या छपाईत बदला. माल परत घेणाऱ्या दुकानात ग्राहकही परत येतो.