लॉकियर विजयदुर्गावर आला होता, पण कधी?

बी.एस्सी.ला असताना विज्ञान दिनाच्या भाषणात मी छातीठोकपणे सांगितलं होतं, 'हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला!' टाळ्या पडल्या. पुढं पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर तेच टाकलं : १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, विजयदुर्ग, नॉर्मन लॉकियर. सर एवढंच म्हणाले, "कुठं वाचलंस?" माझ्याकडं पुरावा काय, तर एक फॉरवर्ड मेसेज आणि किल्ल्यावर काढलेला फोटो.

पेटच्या तयारीत आपण प्राथमिक आणि दुय्यम स्रोत यांची व्याख्या पाठ करतो. तो फरक मला कळला तो या किल्ल्यामुळं.

विजयदुर्ग म्हणजे देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या तोंडाशी उभा असलेला सागरी किल्ला. जुनं नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, नंतर ते आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झालं. समुद्रातून हा किल्ला घेणं सोपं नव्हतं. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रज आरमार घेऊन वॉटसन आणि क्लाइव्ह आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज होती, तेव्हा तो पडला. (आपल्याच माणसाचं आरमार बुडवायला इंग्रजांची मदत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) याच किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. ओट्यावर दुर्बीण ठेवून साहेबानं ग्रहण पाहिलं, असं सांगतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिनही साजरा होतो.

आता तारखा बघू. १८६८ चं ग्रहण खरंच आपल्याकडचं. सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरून जमखिंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी पूर्वेला गेली. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा त्याला इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यानं ओळखलं.

आणि लॉकियर? तो इंग्लंडमध्येच होता, युद्धखात्यात नोकरी करत होता. त्याचा नवा वर्णपटदर्शक ऑक्टोबरमध्ये हातात आला आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्यानं लंडनमधून, ग्रहणाशिवाय, त्याच रेषा पाहिल्या. त्यातली पिवळी रेषा साधारण ५८७.६ नॅनोमीटरची. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ ला आहेत. म्हणजे अगदी शेजारी, पण तीच नव्हे. एवढ्याशा फरकातून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढं आली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर तो वायू रॅमसेला १८९५ मध्ये मिळाला.

मग साहेबाचे ओटे खोटे का? नाही! मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. लॉकियर विजयदुर्गावर आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. त्याच्या अहवालाच्या शीर्षकातच ती तारीख, 'विझियाद्रुग' हे ठिकाण आणि 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचं नाव आहे. नौकेवरचे अधिकारी आणि खलाशी यांना त्यानं निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. हा झाला प्राथमिक स्रोत. त्याआधी १८७१ च्या ग्रहणालाही तो भारतात आला होता, आणि तेव्हाही किल्ल्यावरच, पण केरळातल्या बेकलच्या.

म्हणजे दंतकथेतला प्रत्येक तुकडा खरा आहे. १८६८ चं ग्रहण खरं, लॉकियर आणि हेलियमचा संबंध खरा, त्याचं विजयदुर्गावर येणंही खरं. फक्त तीस वर्षांचं अंतर गाळून तिन्ही एकत्र शिवलेत. अशी चूक पकडणं धादांत खोट्यापेक्षा अवघड असतं, कारण कुठलाही एक तुकडा तपासला की तो बरोबरच निघतो. माझ्या मते विजयदुर्गाला खोट्या मोठेपणाची गरजही नाही. १८९८ ची मोहीम स्वतःच्या बळावर मोठी आहे.

त्याच दिवशी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. नेगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला आपली उपकरणं लावून बसले होते. आपल्या लोकांना साहेबाचे ओटे माहीत, नेगमवाला माहीत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं. नकाशा काढा, विजयदुर्ग ते जेऊर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढा. ती आमच्या वडूजच्या अगदी जवळून जाते.

दुरुस्त स्लाइड आणि ही रेघ घेऊन मी परत सरांकडं गेलो. त्यांनी नकाशा बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "छान. आता वडूजला किती सेकंद अंधार पडला असेल, ते काढून आण."